चौथ्या मजल्यावरचा वाचक

माझी तिसरी कादंबरी धो धो खपणार, हे मी ती लिहून व्हायच्या आधीच घरात जाहीर करून टाकलं होतं. आधीच्या दोन कादंबऱ्या नातेवाइकांनी वाचल्या होत्या, म्हणजे मी त्यांना भेट दिल्या होत्या. पण ही वेगळी होती. तीन भावांचं एकत्र घर, त्यातून एकेक जण निघून जातो आणि पहिली भेग कधी पडली हे कुणालाच कळत नाही. नाव ठेवलं 'गळती'.

प्रकाशकांनी मुखपृष्ठावर छतातून पडणारा एक थेंब घेतला. मागच्या बाजूला छापलं, 'घरातल्या गळतीचा मुळापासून शोध. प्रत्येक घरात हवंच असं पुस्तक.' वाचून माझा ऊर भरून आला.

बायको म्हणाली, "यात कादंबरी हा शब्द कुठेच नाही."

"चांगल्या कादंबरीला ते सांगावं लागत नाही," मी म्हटलं. आता आठवलं की कान गरम होतात.

थोड्याच दिवसांत प्रकाशकांचा फोन आला. "अहो, पुस्तक हातोहात जातंय."

"कोण घेतंय?"

"लोक," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "एका इमारतीतल्या रहिवाशांनी तर गठ्ठाच मागवला. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात. जाऊन या."

मी इस्त्रीचा शर्ट घातला, बायकोला बरोबर घेतलं आणि गेलो. तळमजल्यावरच्या सभागृहात खुर्च्या भरलेल्या. लेखकाच्या कार्यक्रमाला खुर्च्या भरतात, हे मी फक्त ऐकून होतो. पहिल्या रांगेत एक काकू मांडीवर पुस्तक आणि त्यावर टॉर्च घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, डोळे अधू असतील, तरीही वाचतात बिचाऱ्या. इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी ओळख करून दिली, "यांनी या विषयात आयुष्य घातलंय," आणि माईक माझ्या हातात दिला.

मी सुरुवात केली. "गळती एका दिवसात लागत नाही. आधी बारीकशी भेग पडते. ती सगळ्यांना दिसते, पण जो तो न बघितल्यासारखं करतो."

माना डोलल्या. टॉर्चवाल्या काकूंनी तर डोळे पुसले.

"भेग दिसली की काय करायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"बोलायचं. ज्याच्यामुळे पडली त्याच्याशी, समोरासमोर."

सगळं सभागृह एकदम वळून कोपऱ्यातल्या एका उंच गृहस्थांकडे बघायला लागलं. ते उठून उभे राहिले. "मी शंभरदा सांगितलंय, माझा काही संबंध नाही."

मी भारावून गेलो. वाचक पात्राशी इतका एकरूप झालेला मी कधी पाहिला नव्हता. "तुम्ही स्वतःला थोरल्याच्या जागी बघताय," मी प्रेमाने म्हणालो.

"मी थोरला नाही. मी चौथ्या मजल्यावरचा आहे."

तेवढ्यात सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "चला, आता वरच जाऊ." मला वाटलं चहा वर असेल. तिसऱ्या मजल्यावर टॉर्चवाल्या काकूंचं घर होतं. त्यांनी मला स्वयंपाकघर ओलांडून थेट बाथरूममध्ये नेलं. माझ्या मागून जेवढी माणसं मावतील तेवढी आत आली, उरलेली दारात. काकूंनी टॉर्च छतावर मारला. सगळे वर बघत होते म्हणून मीही वर बघितलं. टपकन एक थेंब माझ्या चष्म्यावर पडला.

"काय वाटतं?" काकूंनी विचारलं.

"अस्वस्थ करणारं आहे," मी म्हणालो.

बायकोने माझी बाही ओढली. "अहो, यांना तुम्ही बाथरूम दुरुस्तीवाले वाटताय."

मग सगळा उलगडा झाला. सेक्रेटरीबाईंनी मोबाइलवर दाखवलं, प्रकाशकांच्या ऑनलाइन दुकानात 'गळती' घर-दुरुस्तीच्या रकान्यात होती, रंगकाम आणि वाळवी यांच्या मधोमध. मी हळूच सांगितलं, "ही कादंबरी आहे."

"तरीच," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "मी पाइपांचं प्रकरण शोधत होते. सगळीकडे भांडणंच."

काकूंनी टॉर्च विझवला आणि खालची बादली रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवली. ते बघून मला खरोखर वाईट वाटलं. बाईंना दुरुस्तीवाला हवा होता आणि मिळालो मी.

एवढ्यात दारातून चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मधला परत येतो का?"

"कोण मधला?" काकूंनी विचारलं.

"पुस्तकातला भाऊ. तो घर सोडून जातो तिथे मी थांबलोय. पुढे वाचवेना."

मी चष्म्यावरचा थेंब पुसला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

सेक्रेटरीबाई हुशार. त्या म्हणाल्या, "हे शेवट सांगतील. पण तुम्ही तुमच्या बाथरूमची फरशी उकरून द्यायची."

गृहस्थांनी विचार केला. "सांगू देत. मग बघतो."

शेवट असा फोडायचा नसतो, हे मी समजावून पाहिलं. काकूंनी बादलीकडे नुसतं बघितलं. मी सांगून टाकलं, "नाही येत. थोरला दार उघडं ठेवून बसतो, पण तो येत नाही."

"मग मी फरशी उकरणार नाही," गृहस्थ म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

सगळी इमारत माझ्याकडे बघत होती, बायकोसुद्धा. त्या शेवटावर मी अख्खं वर्ष घालवलं होतं. घसा खाकरून मी म्हणालो, "दुसऱ्या आवृत्तीत येतो."

गृहस्थ पायरीवर थांबले. "नक्की?"

"नक्की. बॅग घेऊन येतो."

"राहायला?"

"राहायला."

"मग उद्याच माणूस बोलावतो," ते म्हणाले आणि नाक ओढत वर गेले. काकूंनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

घरी येऊन मी प्रकाशकांना फोन लावला. जड आवाजात सांगितलं, "दुसऱ्या आवृत्तीत मला शेवट बदलावा लागेल."

"खुशाल बदला," ते म्हणाले. "तिथपर्यंत कोण जातंय?"

एक जण गेलाय, असं मी ठणकावून सांगणार होतो. पण तोही गेला नव्हता. त्याला शेवट मीच तोंडी सांगितला होता, आणि तोही जागच्या जागी बदलून.