बळवंतची शीट

"जपून ठेवा म्हणाली, म्हणून जपली! पण कुणाला पटेल तर शपथ!" फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये द्वारकाबाई कडाडल्या. पटत खरंच कुणालाच नव्हतं.

झालं असं, की आदल्या दिवशी दिल्लीहून हेमलता नावाच्या मुलीचा फोन आला. एकत्र बसून, सोंग घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळांचा आपल्याकडचा सुरुवातीचा इतिहास ती गोळा करत होती. शहाऐंशी साली दत्तात्रयराव (द्वारकाबाईंचे यजमान, तेव्हा सरकारी कारकून) ऑफिसातल्या मित्रांना घरी जमवून हाच खेळ खेळत. मित्रांचं सगळं केव्हाच हरवलेलं.

"काकू, बळवंतची शीट आहे ना? बस, तीच एक उरलीय! जपून ठेवा, उद्या येते."

द्वारकाबाई चौथी शिकलेल्या. त्यांच्या घरात शीट म्हणजे बेडशीट. मंडळी ज्यावर खेळायला बसत ती पानिपतची चादर ट्रंकेत होतीच. बळवंत हा फुकट चहा ढोसणाऱ्यांपैकी कुणीतरी असणार! बाईंनी चादरीत गुंडाळलेले कागद कबाडीवाल्याला दिले, चादर उकळली, नीळ घातली, कडक इस्त्री केली. (एकदा हो म्हटलं, की त्या हयगय करत नाहीत.)

"घे. एक डाग दाखव, बक्षीस देते!"

पांढरे हातमोजे घालून आलेल्या हेमलताने चादरीची घडी न् घडी उलगडून पाहिली. "काकू, शीट म्हणजे कागद! बळवंतची कॅरेक्टर शीट!"

"परक्या पुरुषाचं कॅरेक्टर माझ्या ट्रंकेत कशाला?"

"अगं, बळवंत म्हणजे मीच!" दत्तात्रयराव विव्हळले. "खेळातला योद्धा! त्याची ताकद, तलवार, सगळं त्या कागदावर होतं. माझं कॅरेक्टर रद्दीत गेलं!"

"होतं कधी?" म्हणत द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि दोघांना ओढत कबाडीवाला गाठला.

"कागज? वो तो छोलेवाला ले गया."

तिघंही धावत सुटले. छोले-कुलच्याच्या ठेल्यावर एक गृहस्थ पहिला घास घेणार, तोच द्वारकाबाई गरजल्या, "रुको भैया! बलवंत को छोड़ो!"

गृहस्थांनी घाबरून पाकीटच पुढे केलं. बाईंनी छोले त्यांच्या ओंजळीत ओतले आणि खालचा कागद हिसकावला. ताकद शाबूत, तलवार शाबूत, मधोमध छोल्यांचा हा एवढा डाग!

"मिल गया!" हेमलता रस्त्यातच नाचली. "पण काका, नोंदीत लिहावं लागेल. हा डाग कुणामुळे पडला?"

द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. दत्तात्रयरावांनी त्या हातांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "लिही. बळवंत."