वैशंपायनकाकांच्या दाराशी बाळंतीण

कॅनडातल्या वॉटर्लूत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे वैशंपायनकाका त्या वर्षी अख्खा एप्रिल स्वतःच्याच घरात गॅरेजमधून शिरत होते. पुढचं दार धडधाकट होतं, कुलूपकिल्ली जागच्या जागी होती. पण दारावर त्यांनी पाटी लावली होती, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत: 'कृपया गॅरेजमधून यावे. दाराशी बाळंतीण आहे.' आमच्या रांगेत मराठी वाचणारी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. म्हणजे खालची ओळ खास माझ्यासाठी होती.

बाळंतीण म्हणजे गूज. रानातला हंस म्हणा हवं तर, पण हंस म्हणावं असं त्या प्राण्यात काही नाही. काळी लांब मान, गालावर पांढरा पट्टा, आणि स्वभाव असा की समोरून आला तर माणसानं रस्ता बदलावा. थंडीत हे अमेरिकेत खाली जातात आणि बर्फ वितळायला लागला की ओरडत परत येतात. त्यातली एक मादी काकांच्या दाराशेजारच्या फुलांच्या वाफ्यात घरटं करून, स्वतःच्या छातीची पिसं उपटून अंथरून, अंड्यांवर बसली होती.

दुसऱ्या कुणी कॉम्प्लेक्सच्या मॅनेजरला फोन केला असता. काकांनी तिला माहेरवाशीण ठरवलं.

याला त्यांच्याकडे शास्त्राधार होता. काकांकडे सगळ्यालाच असतो. गूजची मादी म्हणे जिथे स्वतः जन्मली तिथेच अंडी घालायला परत येते, नवऱ्याला घेऊन. ही आमच्या मागच्या तळ्यावरच जन्मलेली, डाव्या पायानं जराशी लंगडते ना, तीच, असं काका छातीठोकपणे सांगायचे. मला तर सगळ्या सारख्याच दिसायच्या आणि सगळ्या सारखीच घाण करायच्या. "बघ मीनल," काका म्हणाले, "पाखराला कळतं. पहिलं बाळंतपण माहेरी. पद्धत आहे."

'पद्धत आहे' हा काकांचा हुकमाचा एक्का. एकोणीसशे सत्तरच्या आसपास इंजिनियर म्हणून पुण्याहून आले ते येताना पद्धती बॅगेत भरून घेऊन आले, आणि मागे देशात त्या पद्धती कधीच मोडीत निघाल्या हे त्यांना कुणी कळवलंच नाही. गंमत म्हणजे यातली एकही पद्धत त्यांनी स्वतः कधी हातानं केली नव्हती. सगळं सुलभाकाकू करायच्या. काका खुर्चीत बसून पद्धत आहे म्हणायचे आणि काकू ओट्याशी उभ्या राहून ती पार पाडायच्या. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून काका टोस्ट खात होते आणि पद्धती हवेत लोंबकळत होत्या.

आता खरी गोष्ट सांगते, कारण कॉम्प्लेक्समध्ये ती फक्त मला ठाऊक होती. काकांची एकुलती एक केतकी तिकडे हॅलिफॅक्सला, कॅनडाच्या पूर्व टोकाला समुद्राकाठी, नवऱ्याबरोबर राहते. तिला दिवस गेले होते, जून उजाडता उजाडता बाळ यायचं होतं. काकांनी जानेवारीपासून लावून धरलं होतं की पहिलं बाळंतपण माहेरी, तू इथे ये. ती आधी हसली, मग चिडली. शेवटी इंग्रजीत बजावलं, बाबा, बी प्रॅक्टिकल, आई नाहीये, तुम्ही एकटे तिथे काय करणार आहात? यावर काकांनी काय उत्तर द्यावं? पद्धत आहे, म्हणाले. त्यानंतर केतकीनं त्यांचा फोन उचलणं बंद केलं. काका रोज करायचे आणि रोज तिच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवायचे. भिंत पातळ, मला सगळं ऐकू यायचं.

तर लेक आली नाही, गूज आली. मी प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलंही, पेशवाई गेली तरी ऐट जात नाही. आम्ही नागपूरचे, पुण्याला टोमणा मारल्याशिवाय आम्हाला जेवण पचत नाही.

गूजपेक्षा भारी होता तिचा नवरा. काका त्याला जावईबापू म्हणायचे, आणि तेही आदरानं. जावईबापू आलेत, जावईबापू रागावलेत. हे जावईबापू दिवसभर वाफ्यासमोर मान ताठ करून उभे. पोस्टमनला त्यांनी दोनदा पळवलं. प्रशांतच्या पँटला चोच लावली. मी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन येत होते तर अंगावर असे धावून आले की डझनभर अंडी ड्राइव्हवेवर फुटली. मी तणतणत काकांकडे गेले. काका शांतपणे म्हणाले, "अगं, जावईमाणूस आहे. मानपान सांभाळावा लागतो." वर मला विचारतात, तिच्यासमोर अंडी फोडलीस का गं?

कॉम्प्लेक्सची मॅनेजरबाई घरटं हलवायला आली, तेव्हा काका टाय लावून बाहेर आले. परवानगीशिवाय या पक्ष्यांच्या घरट्याला हात लावता येत नाही, तसा इथला कायदा आहे, हे त्यांनी तिला अर्धा तास समजावलं. म्हणजे कॅनडा काकांच्या बाजूनं आणि पुणेही काकांच्या बाजूनं. बाई बिचारी गॅरेजमधून चहा पिऊन गेली.

मग काकांना बाळंतपणाचं खूळ लागलं. रोज संध्याकाळी कुंपणाशी उभे. मीनल, अळिवाच्या लाडवाला नारळ किती? मीनल, ओव्याची धुरी किती दिवस द्यायची? त्यांनी लाडू केले. वाटीत घालून वाफ्याशी ठेवले. माहेरवाशिणीनं ढुंकून पाहिलं नाही, जावईबापूंनी वाटी लाथाडली. उरलेले लाडू मला खावे लागले, आणि खरं सांगायचं तर त्यापेक्षा लाथाडणं शहाणपणाचं होतं.

एकदा विचारलं, अंघोळ घालताना बाळाची मान कशी धरायची? मी म्हटलं, काका, गूजच्या पिल्लाला अंघोळ घालणार? ते तळ्यात उडी मारेल. काका ओशाळले, माहिती असावी म्हणाले आणि आत गेले. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, मी हा किस्सा साभिनय सांगितला. लोक पोट धरून हसले.

मेच्या सुरुवातीला एका सकाळी काकांनी भिंत ठोठावली. पिल्लं बाहेर आली होती, पाच, पिवळी मऊ, आईच्या पंखाखालून डोकी काढणारी. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. बारशाला घुगऱ्या तू कर, म्हणाले. बाराव्या दिवशी बारसं, सव्वा महिना विश्रांती, सगळा बेत ठरला होता. पिल्लांना नावंसुद्धा शोधली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरवाशीण उठली, वाफ्यातून खाली उतरली आणि चालायला लागली. मागे रांगेत पाच पिल्लं, सगळ्यात शेवटी जावईबापू. ड्राइव्हवे ओलांडला, रस्ता ओलांडला, दोन गाड्या थांबल्या. मग सगळी वरात गवतातून उतरून तळ्यात. मागे वळून कुणी पाहिलं नाही. काका गॅरेजच्या दारात पाण्याचं भांडं घेऊन उभे होते. "अगं, सव्वा महिना तरी..." एवढंच मला ऐकू आलं.

मी हसणार होते. हसू आलं नाही.

दोन दिवस काका दिसले नाहीत. पाटी तशीच, दार बंद, भिंतीपलीकडे फोनचा निरोपही नाही. तिसऱ्या दिवशी मी आमटीभात घेऊन गॅरेजमधून आत शिरले. काका किचनच्या टेबलाशी उभे होते आणि टेबलावर बाळ होतं. म्हणजे मला क्षणभर तसंच वाटलं. सुलभाकाकूंच्या मऊ झालेल्या सुती साडीच्या तुकड्यात कणकेची पिशवी गुंडाळलेली होती, घट्ट, नेटकी, कोपरे आत खोचून. शेजारी प्लॅस्टिकचा नवा टब, बेबी ऑइल आणि स्वयंपाकघरातला तराजू.

"साडेसात पौंड भरलीय," काका म्हणाले. "साधारण तेवढंच असतं ना?"

मी भांडं खाली ठेवलं. इतके दिवस हा माणूस कुंपणाशी उभा राहून गूजच्या नावानं शिकत होता, आणि मी त्याची नक्कल करून टाळ्या घेत होते. म्हटलं, काका, पुन्हा एकदा फोन करा.

ते म्हणाले, ती उचलत नाही. मग खिडकीतून तळ्याकडे बघत सावकाश म्हणाले, की गूजचं काय चुकलं? पिल्लं पाण्यापाशीच न्यायला हवीत, आणि केतकीचं पाणी तिकडे आहे. वैशंपायनकाका पद्धतीविरुद्ध बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी त्यांच्या हातात कॉर्डलेस फोन दिला, त्यांनी नंबर फिरवला, मी स्पीकर लावला. मशीन लागलं. काकांनी घसा साफ केला.

"केतकी, तू ये म्हणायला फोन नाही केला. मी येऊ का, एवढंच विचारायचं होतं. स्वयंपाक मला येत नाही, लाडू तर अजिबात नाही, मीनलला विचार. पण दाराशी कोणीतरी उभं राहावं लागतं. ते मला जमेल."

खट् असा आवाज झाला. तिकडे कुणीतरी फोन उचलला होता. मग केतकी बोलली, मराठीत. लग्नानंतर बापाशी ती मराठीत बोलल्याचं मला आठवत नाही.

"बाबा, मला बाळ धरायची भीती वाटते. मान कशी धरायची तेच कळत नाही. आई असती तर तिनं दाखवलं असतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. फोन त्यांनी मान वाकडी करून खांद्याशी दाबला, दोन्ही हात मोकळे केले आणि टेबलावरचं गाठोडं अलगद उचललं.

"मला येतं," ते म्हणाले. "डावा हात असा मानेखाली घालायचा. मी आल्यावर दाखवतो."

कणकेच्या पिशवीला मान नसते. पण त्या दिवशी मीसुद्धा ते बोलून दाखवलं नाही.