अर्थ क्रमांक पस्तीस

शब्द जितका आखूड, तितकी त्याला जागा जास्त लागते, हे कोशकार्यालयातले सर्वमान्य सत्य आहे. 'ओके' या दोन अक्षरी इंग्रजी शब्दाला तिथे एक कपाट, दोन खुर्च्या (पैकी एक मोडकी) आणि एका संपादकाची अकरा वर्षे लागली होती.

शब्दाच्या उगमाबद्दल संपादकांनी सात मते जमवली होती. कुणी म्हणे तो चुकीच्या स्पेलिंगच्या थट्टेतून आला, कुणी म्हणे एका पुढाऱ्याच्या टोपणनावातून. प्रत्येक मतामागे एक विद्वान होता आणि तो उरलेल्या सहांशी बोलत नसे. अर्थ भरले चौतीस. होकार, नाइलाज, साहेबांची मंजुरी, 'ऐकलं नाही पण चालू द्या', बायकोचा शेवटचा इशारा वगैरे. (हा शेवटचा त्यांनी स्वानुभवातून शोधला. त्याबद्दल मिळालेले मानपत्र लावायला घरात भिंत मिळाली नाही.)

नियम मात्र कडक होता. तीन लेखी पुरावे मिळाल्याशिवाय नवा अर्थ कोशात घ्यायचा नाही. दोन पुराव्यांवर माणूस एक वेळ फासावर जाईल, पण शब्दाला अर्थ मिळणार नाही.

संपादकांच्या खणात अशा पुराव्याच्या दोन चिठ्ठ्या पडून होत्या. दोन्ही मुलीच्या मेसेजच्या नकला. पहिली तिच्या पोहण्याच्या शर्यतीची: 'बाबा, येणार ना?' 'मीटिंग आहे. पुढच्या वेळी नक्की.' 'ओके.' दुसरी पदवीदानाची. प्रश्न तोच, उत्तर तेच. हे ओके चौतिसांपैकी एकाही अर्थात बसेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असे म्हणून ते स्वतःशीच हसले. मनाला लागलेली रुखरुख मात्र त्यांनी 'विचाराधीन' असा शेरा मारून खणात ठेवून दिली.

मग मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरी निघाली. बायकोचा फोन आला. "अहो, पाचची गाडी आहे. आता वर्षभर तरी यायची नाही ती." नेमकी चार वाजता 'ओके'वरची शेवटची सभा होती. संपादक उठले, पिशवी घेऊन दारापर्यंत गेले. तिथे त्यांना आठवले, की आपल्यावाचून सभेची गणसंख्या भरत नाही. (सभासद तीन, त्यांतले एक झोपलेले. गणसंख्येला झोप चालते.) तेवढ्यात मुलीचाच मेसेज आला: 'बाबा, येणार ना?'

त्यांनी लिहिले, 'मीटिंग आहे. सुट्टीत आलीस की निवांत बोलू.'

'ओके.'

अकरा वर्षांच्या सवयीने हात कोऱ्या चिठ्ठीकडे गेला. तारीख, वेळ, संदर्भ. पाच वाजून दोन मिनिटांनी सभेने एकमताने मंजुरी दिली: '३५. यापुढे विचारणार नाही.'

"वा, हा कुठे सापडला तुम्हाला?" मुख्य संपादकांनी विचारले.

"घरातच होता," संपादक म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

कोश अजून छापून व्हायचा आहे. तरी वाचकांनी आपापल्या फोनमध्ये या अर्थाचे पुरावे शोधावेत, अशी कार्यालयाची नम्र विनंती आहे. तीन सापडले, तर कृपया आमच्याकडे पाठवावेत. दोनच सापडले, तर आम्हाला त्यांचा काही उपयोग नाही. तुम्हाला आहे.