वरच्या बाजूला रंग चढलाय

यंदाही डोंगरावरची लाल पानं बघायला जायचा बेत मीच आखणार, असं ऑक्टोबरातल्या एका रविवारी सूप पिता पिता मी जाहीर केलं. नात्सुएनं हातातली वाटी खाली ठेवली आणि ताप आहे का, म्हणून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिचं काही चुकलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आमच्या सेंदाई शहरापासून डोंगर दोन तासांवर, आणि आम्ही लाल पानं ऐन भरात एकदाही पाहिलेली नाहीत. मी ठरवलेल्या दिवशी डोंगर एकतर हिरवागार असतो, नाहीतर नुसत्या काटक्या. एका वर्षी बर्फच पडलं. त्या वेळच्या फोटोत आम्ही दोघं छत्री धरून एका खांबाशी उभे आहोत. (तो खांब नाही. मेपलचं झाड आहे.)

"माझ्या बहिणीला विचारू या ना," नात्सुए म्हणाली. "तिची तारीख कधी चुकत नाही."

"बहीणबिहीण काही नाही. या वेळी सगळं शास्त्रशुद्ध!"

"बरं. फक्त डिसेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुढच्या वर्षी डोंगरावर जाता येईल न येईल."

हे ती अगदी सहज म्हणाली आणि भांडी घासायला उठली. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून डिसेंबरपर्यंतचे आठवडे मोजले.

माझी शास्त्रशुद्ध पद्धत अशी होती. पेपरातल्या अंदाजांवर विसंबायचं नाही. डोंगरावरच्या एखाद्या मुक्कामाच्या घरी रोज फोन करायचा, आणि तिथं राहणाऱ्या माणसालाच विचारायचं. आमच्या विमा कचेरीतल्या एकानं असा एक नंबर सांगितला. तो मी घाईघाईत चिठ्ठीवर उतरवला. (माझा एक आणि माझा सात एकाच आईची लेकरं वाटतात, हे कचेरीत सर्वांना ठाऊक आहे.)

जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. एका म्हाताऱ्यानं उचलला.

"काय हो, रंग कुठवर आलाय?" मी विचारलं.

"वरच्या बाजूला चढलाय. खाली अजून हिरवंच आहे."

किती नेमकं उत्तर! मी ते वहीत लिहून घेतलं.

"मग सगळं लाल कधी होईल?"

"लाल व्हायची वाट बघत बसलात तर कावळे नेतील, साहेब! नारिंगी झालं की यायचं."

डोंगरातली माणसं बोलतातच अशी, मी मनात म्हटलं. कावळे पानं नेतात! काय कल्पना आहे! तीन आठवडे मी रोज फोन करत होतो. त्या म्हाताऱ्याची, म्हणजे गिसाकू आजोबांची, आणि माझी चांगली गट्टी जमली. अखेर एक दिवस ते म्हणाले, "गुरुवारी या. त्यापुढं गळायला लागेल."

"आम्ही दोघंच आहोत. खोली मिळेल ना?"

"मिळेल की! उलट या दिवसांत माणसं कमीच पडतात. येताना हातमोजे आणा."

ऐन हंगामात खोली, आणि वर थंडीची काळजी! फोन ठेवताना मी त्यांना वाकून नमस्कार केला. समोरच्या टेबलावरच्या बाईंनीही दचकून मला वाकून नमस्कार केला.

गुरुवारी आजोबांनी सांगितलेल्या थांब्यावर आम्ही उतरलो. धुकं असं दाट की स्वतःचे बूट दिसेनात. आजोबा टेम्पो घेऊन हजर होते. त्यांनी आम्हाला एका उतारावर नेऊन सोडलं, आणि माझ्या हातात एक टोपली आणि कात्री ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"मग फळं काय दातांनी तोडणार?"

तेव्हा कुठं धुक्यातून मला झाडं दिसली. त्यांना टोमॅटोएवढी, पर्सिमनची नारिंगी फळं लगडली होती.

"पण… पानं?"

"पानांचं काय करायचंय? ती गळतील तेवढी बरी. फळ दिसतं." आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तोडणीला येणारे ते तुम्हीच ना? रोज फोन करणारे?"

नात्सुएनं माझ्या हातातली कात्री निरखून पाहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, तीन आठवडे तुम्ही फळांची चौकशी करत होतात?"

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ती फक्त गुडघा धरून एका उपड्या खोक्यावर बसली. आता खोलीचा प्रश्नच नव्हता, आणि परतीची बस दुपारी तीनला होती. तिच्या नजरेसमोरून निघून जायला एकच जागा शिल्लक होती, म्हणून मी टोपली घेऊन शिडीवर चढलो.

सात-आठ फळं तोडली असतील. तेवढ्यात वारा सुटला, आणि धुकं विरलं.

समोर डोंगर होता. आख्खा. इतका जवळ की मी शिडीला घट्ट धरलं. माथ्यापासून थेट नदीपर्यंत तो पेटल्यासारखा दिसत होता. शेंदरी, डाळिंबी, पिवळाजर्द. मधेच काळेभोर देवदार, आणि त्यांच्यामुळं तो लाल आणखीच लाल. वाऱ्याची झुळूक आली की सगळा उतार एकदम हलायचा, जणू एखादं प्रचंड जनावर झोपेत कूस बदलतंय. पानं सुटून वर उडत होती. खाली नव्हे, वर! ना पाटी, ना कठडा, ना माणूस. सव्वीस वर्षं आम्ही चुकत होतो, आणि हा दर वर्षी इथं कोणी बघो न बघो असा पेटत होता.

मी खाली पाहिलं. नात्सुए उभी राहिली होती. गुडघ्याचं तिला भानच नव्हतं. दोन्ही हात छातीशी धरून ती नुसती बघत होती, आणि तिचा चेहरा लग्नाच्या दिवशी होता तसा झाला होता.

तिला हाक मारायची होती. 'बघ,' एवढंच म्हणायचं होतं. पण घशातून आवाज फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, ओठ वेडेवाकडे व्हायला लागले. तसाच मी शिडीवरून उतरलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

"अहो, काय झालं?" ती घाबरली. "बोला ना!"

मी तोंड उघडलं. "अं… ब… बघ…"

गिसाकू आजोबा लगबगीनं आले आणि त्यांनी माझा जबडा धरून आत डोकावून पाहिलं.

"कच्चं खाल्लंय यांनी," ते म्हणाले. "ही तुरट जात आहे, बाई. सोलून वाळवल्याशिवाय तोंडात घालायची नसते. जीभ लुळी पडते, डोळ्यांतून पाणी येतं. पाणी द्या, पाणी! दर वर्षी शहरातला एक तरी असा निघतोच."

मी 'नाही' म्हणून जोरजोरात मान हलवली. ती त्यांना 'हो' वाटली.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "पानं बघायला आला होतात का?" नात्सुएचे डोळे अजून चमकत होते.

"काय सांगू तुम्हाला!" ती म्हणाली. "बोलायला शब्दच सुचेनात. यांनाही सुचत नव्हते म्हणा," तिनं प्रेमानं माझ्या पाठीवर थोपटलं, "पण यांचं चूळ भरल्यावर गेलं."