वजीर श्वानाची स्वारी आणि पहिल्या पानाचा मान

श्रीगजवदन प्रसन्न, अन्नपूर्णा प्रसन्न, शेपूटवाले सकळ जीव प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, पौषमासी आदितवारी जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले असेल तर चवीपुरते.

एक राज्य होते, नाव सांगावयाची मना आहे. हद्द म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक हॉल आणि कपडे वाळत घालावयाची गॅलरी. तेथे त्र्यंबकराव महाराज राज्य करीत, म्हणजे राज्य राणीसाहेब कुमुदबाई करीत आणि महाराज रिमोट धरून बसत. पदरी वजीर नामे श्वान होता. जात लॅब्राडोर, वर्ण तुपाचा, घेर पाण्याच्या पिंपाएवढा. त्या घरची रीत ऐसी की ताटे वाढून झाली तरी घास कोणी उचलायचा नाही. श्लोक व्हायचा, शेवटी महाराजांनी मोठ्याने 'हर हर महादेव' म्हणायचे आणि मगच तुटून पडायचे. वजीरही तोवर लाळ गाळीत थांबे आणि गजर होताच आपल्या ताटलीत शिरे. याखेरीज दुसरी विद्या त्यास नव्हती, आणि खरे बोलायचे तर महाराजांसही नव्हती.

आता स्वारीचे कारण ऐका. महाराज थोरले जावई, म्हणून सासूबाई गोदूताई यांचे पंगतीस पहिले पान महाराजांचे, ऐसा वीस वर्षांचा शिरस्ता होता. परंतु गेल्या साली धाकटे जावई श्रीरंगपंत, म्हणजे महाराजांचे साडू, यांच्या बेबी नामे पामेरियन कुत्रीने पाळीव प्राण्यांच्या प्रदर्शनात कप जिंकला, आणि गोदूताईंनी कौतुकाच्या भरात पहिले पान श्रीरंगपंतांस वाढले, आणि ते त्यांनी सोडलेच नाही. तेव्हापासून बासुंदी महाराजांपर्यंत येई ती पातळ येई आणि चारोळ्या वरच संपत. हे दुःख महाराजांनी वर्षभर गिळिले आणि यंदा वजिराचे नाव प्रदर्शनात घातले. गोदूताई बोलिल्या, "कप आणेल त्याचं पहिलं पान. आणि परत माझ्यासमोर कुरकुर नको." मैदानातच चिंचेखाली पंगत बसावी ऐसे ठरले.

मग स्वारी निघाली. महाराजांनी फेटा बांधिला आणि वजिरासही बांधिला आणि वजिराने तो जिन्यातच खाल्ला. गाडीत राजकन्या शाल्मली बोलिली, "बाबा, यात हाक मारल्यावर यायचं असतं. हा घरी सोफ्यावरनं उतरत नाही."

"तू गप. लोकं बघितली की त्याला स्फुरण चढतं."

"त्याला झोप चढते."

"दोघांनाही चढते," ऐसे राणीसाहेब बोलिल्या आणि डब्याचे झाकण घट्ट केले.

मैदानी पोचतात तो श्रीरंगपंत हजर, गॉगल चढवलेले, काखेत बेबी आणि मागे पगारी ट्रेनर. वजिरास खालवर न्याहाळून बोलिले, "त्र्यंबकराव, याला वजनाच्या गटात उतरवायचा होता का?" महाराज उत्तरले, "तुमची धुऊन आटली वाटतं." ऐसा उभयतांचा गोड संवाद जाहला.

परीक्षा ऐसी की जनावर एका टोकास उभे करावे, मालकाने दुसऱ्या टोकावरून हाक मारावी आणि जनावर सरळ मालकाकडे यावे. बाजूस परीक्षकांचे मेज, आणि मेजावर त्यांच्या नाश्त्याचे कांदेपोहे आणि जिलबी.

आधी श्रीरंगपंतांनी "बेबी, कमॉन" केले. बेबी बाणासारखी सुटली आणि पंतांस ओलांडून दोरीबाहेरच्या ट्रेनरच्या पायाशी जाऊन बसली, कारण फिरवणे, भरवणे, न्हाऊ घालणे सगळे तोच करी. परीक्षक डॉक्टरांनी पुसिले, "मालक कोण यातले?"

"मी," पंत बोलिले.

"तिला सांगितलंय का तसं?"

लोक हसले आणि महाराजांस आभाळ ठेंगणे जाहले. मग महाराज उभे राहिले आणि गरजले, "वजीर, ये." वजिराने जांभई दिली. "वजीर, कम." वजीर बसला. "वजरू, सोन्या, बाळा माझ्या." वजीर आडवा जाहला आणि डोळे मिटते जाहला. महाराजांनी दोरीपलीकडे पाहिले तो सासूबाई खुर्चीत बसून श्रीरंगपंतांकडे पाहात होत्या, आणि ती नजर पहिले पान पुन्हा तिकडेच वाढील ऐसी होती. तेव्हा महाराजांस घाम फुटला आणि त्या घामात अक्कल सुचली, आणि छातीत होते नव्हते तेवढे वारे भरून महाराज ओरडले, "हर हर महादेव!"

वजीर उठला. कान उभे, शेपूट उभी, जमीन हादरवीत धावत सुटला. महाराजांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरले आणि डोळ्यांत पाणी आणिले. आणि वजीर त्यांच्या बोटांस वारा घालून शेजारून गेला तो परीक्षकांचे मेजावर पडला. मेज उलथे, डॉक्टर त्याखाली, पोहे गवतावर, जिलबी वजिरात. आणि लाजिरवाणे ते ऐसे की सवयीने महाराजांचाही हात तोंडाकडे गेला होता, हे शाल्मलीने मोबाइलमध्ये टिपले.

कप निवृत्त मास्तरीण दमयंतीबाई सहस्रबुद्धे यांच्या बदकास मिळाला. त्यांनी "ये गं" म्हटले आणि ते आले, इतुकेच.

मग चिंचेखाली सतरंजी अंथरली, पत्रावळी मांडिल्या, आणि दोन्ही साडू पहिल्या पत्रावळीभोवती घिरट्या घालू लागले. "बसा की." "छे, तुम्ही." "थोरले तुम्ही." "गेल्या सालचे तुम्ही." ऐसे बोलत आणि पाय मात्र दोघेही पुढे सरकवीत.

गोदूताई बोलिल्या, "सरका जरा. वजिराला येऊ दे."

"आई, तो कुत्रा आहे," महाराज बोलिले.

"माहितीये. तो निदान तुमच्या गजराला तरी जागला, एवढं खरं. बेबीला मालक माहीत नाही, तुम्हाला तुमचं कुत्रं माहीत नाही." आणि त्यांनी पहिल्या पानावर बासुंदी वाढिली, चारोळ्यांसकट.

वजीर पानापुढे बसला, परंतु तोंड लावीना. श्लोक जाहला तरी महाराजांकडे पाहात लाळ गाळीत राहिला. सगळी पंगत महाराजांकडे पाहू लागली. मग त्र्यंबकराव महाराजांनी मान खाली घालून, स्वतःला जेमतेम ऐकू यावे इतक्या आवाजात, हर हर महादेव म्हटले. आणि वजीर जेवला.

ऐसी ही हकिकत. कप बदकाने नेला, मान श्वानाने नेला, डॉक्टरांचा कोट धुवायला गेला. पहिल्या पानाचा तंटा कायमचा मिटला. दुसऱ्या पानाचा दोन्ही जावयांत अद्याप चालू आहे.