अनवाणी अभ्यास दौरा

सावळेवाडीच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा अभ्यास दौरा मे महिन्यात उदयपूरला गेला, तेव्हा गावात दर तिसऱ्या दिवशी टँकर येत होता आणि संस्थेत दूध येत नव्हतं. सचिव त्रिंबकने ठरावाच्या वहीत दौऱ्याचा विषय लिहिला होता, 'भरलेल्या तलावाचा दुग्धव्यवसायावरील परिणाम'. रिकाम्या तलावाचा परिणाम शिरूर कासार तालुक्यात घरबसल्या कळत असल्यामुळे त्यासाठी लांब जायची गरज नव्हती.

संचालक सात होते. त्यांतल्या पाचांच्या घरी लग्नं निघाली. उरले चेअरमन अर्जुनराव आणि महिला राखीव जागेवरच्या भिवराबाई. लिहून घ्यायला त्रिंबक हवाच होता. भिवराबाई तीन वर्षांत मीटिंगमध्ये एकदाच बोलल्या होत्या, आणि तेही या दौऱ्यावरून.

"तितं नाव हाय का, नाव? बसायची?" त्यांनी विचारलं होतं.

"हाय की. तळ्यातून फिरवून आनत्यात," अर्जुनराव म्हणाले.

"मंग म्या येते. चाळीस वर्सं म्या डोक्यावर पाणी वाह्यलंय. येकडाव पाण्यानं मला वाहावं, बाकी मला काय बघायचं न्हाई."

ही मागणी कुणाला गैर वाटली नाही. त्रिंबकने ती वहीत 'जलवाहतुकीची पाहणी' अशी नोंदवली.

जुन्या शहरातल्या गल्ल्या अरुंद, म्हणून ड्रायव्हर गहिनीनाथने जीप शहराबाहेर एका झाडाखाली लावली आणि स्वतः मागच्या सीटवर आडवा झाला. संध्याकाळी लगेच परतायचं होतं. तिघं चालत तळ्याकाठी आले. भिवराबाईंनी डोळ्यांवर हात धरून ते सगळं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"एवढं पाणी अन् उघड्यावर? झाकत न्हाईत का हे लोक? अन् राखन कोन करतं?"

त्रिंबकने हेही लिहून घेतलं.

धक्क्यावर तिकिटाची खिडकी होती आणि ती बंद होती. वर पाटी होती. उन्हामुळे नावा दुपारी चारनंतर सुटतील, शेवटची फेरी साडेपाचला. घड्याळात बारा वाजले होते आणि खिडकीपुढे चिटपाखरू नव्हतं. दुसरा कुणी असता तर निवांत झाला असता. पण बीड जिल्ह्यातल्या माणसाला रिकामी खिडकी दिसली की घाम फुटतो. आपल्याला न सांगता रांग दुसरीकडे लागली असणार, हा त्याचा पहिला संशय असतो.

अर्जुनरावांनी चौफेर पाहून खात्री केली आणि हुकूम सोडला, "त्रिंबका, नंबर लाव."

त्यांच्या मुलखात चप्पल म्हणजे माणूस. पीकविम्याला बँकेपुढे, बियाण्याला दुकानापुढे, पाण्याला टँकरपुढे, सगळीकडे रांगेत चपला उभ्या राहतात आणि माणसं लिंबाखाली बसतात. चपलेला ओलांडून पुढं जायची छाती कुणाची होत नाही. एकदा रांगेतल्या एका जोडातली एक चप्पल कुत्र्याने पळवली, तेव्हा उरलेल्या चपलेला अर्धा हंडा पाणी द्यावं, असा निकाल पंचांनी दिला होता.

त्रिंबकने खिडकीसमोर ओळीत तीन जोड मांडले. बाईमाणूस म्हणून भिवराबाईंचा पहिला, मग चेअरमनचा नवाकोरा, शेवटी स्वतःचा. वाऱ्याने हलू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक दगड ठेवला.

"आता च्यार वाजेस्तोवर काय?" त्याने विचारलं.

"शहर बघू. अभ्यास दौरा हाय का न्हाई?"

"अनवानी?"

"चप्पल उचलली की नंबर गेला," अर्जुनराव म्हणाले.

अशा रीतीने तिघं मे महिन्याच्या भर दुपारी त्या दगडी शहरात पायी निघाले. भिवराबाईंच्या टाचा चाळीस वर्षांच्या ढेकळांनी घडवलेल्या, त्यांना काही झालं नाही. त्रिंबक पंजांवर चालत होता. अर्जुनरावांचे पाय मात्र चेअरमन झाल्यापासून सहा वर्षं जीपमध्येच होते. ते एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत होते आणि मधल्या वेळात प्रगतीची चौकशी केल्यासारखा चेहरा ठेवत होते. कुठं वळायचं हे सावली ठरवी. त्यामुळे त्यांनी बऱ्याच रस्त्यांची एकच बाजू पाहिली.

"अण्णा," त्रिंबक एका जोड्यांच्या दुकानापाशी थांबून म्हणाला, "साध्या सपाता घेऊ का? पाय पार भाजून निघाले."

"अन् रांगेतली चप्पल कुनाची मंग? पायात चप्पल घालून हिंडनाराची चप्पल रांगेत असती का कुठं? कुनी बघितलं तर म्हनंल, हे नंबर बोगस हायेत."

दुकानात एक म्हातारे शेठ बसले होते. त्यांचं लक्ष तिघांच्या पायांकडे गेलं.

"इतनी धूप में नंगे पाँव?" त्यांनी विचारलं.

आता खरं सांगायला हरकत नव्हती. पण चपला रांगेत उभ्या आहेत हे परमुलखात सांगायला अर्जुनरावांना कमीपणा वाटला. त्यांनी टोपी सारखी केली आणि गंभीरपणे म्हणाले, "हमारे उधर बीड में पानी नहीं है, बाबा. दो साल हो गये. पानी के वास्ते आये हैं."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता आणि तिथंच घात झाला. शेठजींचे डोळे भरून आले. त्यांनी पायातले जोडे काढले, दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि हात जोडून उभे राहिले. दुष्काळी मुलखातून तीन माणसं पावसासाठी अनवाणी चालत आली आहेत, ही बातमी त्यांनी शेजारच्या कापडवाल्याला सांगितली. कापडवाल्याने ती सरबतवाल्याला सांगितली. सरबतवाल्यापर्यंत पोचेस्तोवर ही माणसं थेट बीडहून चालत आली होती.

शेठजींनी पाण्याची घागर मागवली आणि तिघांच्या पायांवर ओतायला सुरुवात केली.

"आरं आरं आरं! सांडतंय की!" भिवराबाई ओरडल्या. त्यांनी घागरच धरून ठेवली. मग तिच्यातलं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं, उरलेलं त्रिंबकला पाजलं आणि घागर शेठजींना परत दिली. "रस्त्यावर वततंय येडं मानूस," त्या पुटपुटल्या. शेठजींना ही दुष्काळी मुलखातली पूजा वाटली आणि त्यांनी पुन्हा हात जोडले.

पुढच्या चौकात हार आले. मग सरबत आलं. मग एक छायाचित्रकार आला. शेवटी शेठजींनी सुचवलं की संकल्प केलाच आहे तर तळ्याला पूर्ण परिक्रमा घालावी, आम्हीही अनवाणी येतो. अर्जुनराव नाही म्हणू शकले असते. पण गळ्यात हार पडल्यावर नाही म्हणायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. अडीच वाजता परिक्रमा सुरू झाली तेव्हा मागं तीसेक माणसं होती.

"आर्जुनराव, तीन वाजले," भिवराबाई म्हणाल्या.

"लोकांचा मान हाय. मोडता येतोय का?"

"आर्जुनराव, च्यार वाजले."

"हे वळन झालं की आलंच."

वळण झालं. पलीकडे तेवढंच तळं शिल्लक होतं. साडेचारला भिवराबाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. इतक्या लांब येऊन नाव हुकणार होती.

"तुमी त्यांला खरं सांगा की."

"काय सांगू? चपला नंबरला लावल्यात म्हनून?"

"व्हय."

"हार घातल्यावर?" अर्जुनरावांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"मंग तुमी घाला फेऱ्या. म्या चालले माघारी."

"काकू, रस्ता घावंल का?" त्रिंबक काळजीने म्हणाला.

"येताना पाणी डाव्या हाताला व्हतं, आता उजव्या हाताला ठिवायचं. पाण्याचा रस्ता मला चुकत न्हाई."

भिवराबाई निघाल्या त्या डोक्यावर भरला हंडा असल्यासारख्या, भराभर आणि मान न हलवता. धक्क्यावर पोचल्या तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. खिडकी उघडी होती. खिडकीपुढे तीन जोड चपला दगडांखाली जशाच्या तशा होत्या. त्यांच्या मागं एक टक्कल पडलेला, खांद्याला पाण्याची बाटली लावलेला माणूस दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्या मागं चाळीस माणसं ओरडत होती.

"अरे भाईसाब, आगे आओ ना!" खिडकीतला कारकून हातापाया पडायच्या बेताला आला होता.

"पहले ये तीन," टक्कलवाला शांतपणे म्हणाला. "मैं चौथा हूँ."

"कौन तीन? ये चप्पल है!"

"अहो, चला की हो आता," मागून त्याची बायको म्हणाली. ती हे चार वाजल्यापासून म्हणत असावी.

"केशर, तू मधी बोलू नगंस. नंबर म्हंजे नंबर."

भिवराबाईंनी पहिल्या जोडावरचा दगड बाजूला केला आणि चपला पायात सरकवल्या. "आले म्या," त्या म्हणाल्या.

टक्कलवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. "कुठलं गाव, मावशी?"

"शिरूर कासारकडचं."

"म्या परळीचा. बद्रीनाथ. थर्मलमधून रिटायर झालोय. चपलीवर दगड बघितला अन् म्हनलं, हे आपलंच मानूस हाय. झाडूवाला उचलाय आलता, त्याला हाकलला. तीन नावा माझ्यापायी मोकळ्या गेल्या, पर नंबर न्हाई जाऊ दिला."

परक्या शहरात आपला नंबर कुणी राखला, याचं भिवराबाईंना फार वाटलं. त्यांनी बद्रीनाथच्या बायकोचाच हात धरला.

"कितने?" कारकून ओरडला.

"तीन," भिवराबाई म्हणाल्या.

"बाकी दो कहाँ हैं?"

भिवराबाईंनी उरलेले दोन जोड उचलून खिडकीच्या फळीवर ठेवले. कारकुनाने चपलांकडे पाहिलं, मग बद्रीनाथकडे पाहिलं.

"बराबर है," बद्रीनाथ म्हणाला.

कारकुनाने तीन तिकिटं फाडून दिली. त्या दिवशी त्याच्यात आणखी वाद घालायची ताकद उरली नव्हती.

नावेत भिवराबाई काठाच्या बाजूला बसल्या. शेजारच्या दोन जागांवर त्यांनी दोन जोड मांडले. नावाड्याने ते खाली सारायला हात घातला, पण बद्रीनाथने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने हात मागं घेतला. नाव सुटली. भिवराबाईंनी पाण्यात हात घातला. आधी त्यांना रागच आला. चहूकडे एवढं पाणी आणि एकही हंडा भरायला आलेला नाही! मग नाव मधोमध आली, काठ लांब गेला, आणि आपण पाय न हलवता, मान न ताठवता पुढं चाललोय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना रडू आलं. त्यांनी ते पुसलं नाही, ओला हात तसाच पाण्यात ठेवला.

त्याच वेळी पलीकडच्या काठावर परिक्रमा येऊन पोचली होती. अर्जुनराव हारांमधून जेवढे दिसायचे तेवढे दिसत होते. त्यांची नजर नावेवर गेली.

"त्रिंबका, त्या माझ्याच का रं?"

"व्हय अण्णा. तुमच्या, काकूच्या शेजारी हायेत. माझ्या त्यांच्या पलीकडं."

"बसल्यात ना नीट?"

"बसल्यात."

अर्जुनरावांनी एक पाय दुसऱ्या पायावर टेकवून थोडा गार केला आणि पुढं चालू लागले.

पंधरा दिवसांनी संस्थेची वार्षिक सभा भरली. विरोधी गटाचे मोहनराव उदयपूरच्या वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन उभे राहिले. त्यात अर्जुनराव हारांसकट, अनवाणी, काठावर दिसत होते.

"अहवालात लिवलंय, तिघांनी नावेतून पाहनी केली," मोहनराव म्हणाले. "चेअरमन तर हितं रस्त्यावर हायेत. मंग नावेत कोन बसलं व्हतं?"

अर्जुनराव कागद चाळू लागले. त्रिंबकने वहीत डोकं घातलं. भिवराबाई उठल्या. मीटिंगमध्ये बोलायची त्यांची ही दुसरी वेळ.

"तिघं बसलो व्हतो. माझ्या शेजारी त्यांच्या चपला व्हत्या. म्या सोता मांडल्या."

"चपला?" मोहनराव सभेकडे वळून हसले. "ऐका! चप्पल म्हंजे मानूस झालं का?"

कुणी हसलं नाही. तो टँकरचा दिवस होता. सगळी सभा अनवाणी बसली होती.

"मोहनराव," भिवराबाई म्हणाल्या, "तुमी आत्ता टँकरच्या रांगेत हायेत का न्हाईत, तेवढं सांगा."

मोहनरावांनी आपल्या उघड्या पायांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, लिंबापलीकडे लागलेल्या रांगेकडे पाहिलं.

"हाय," ते म्हणाले. "तिसरा नंबर हाय." आणि खाली बसले.