खोडेकाकांनी काढलेली त्रुटी

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत एका फाटकावर पाटी आहे, 'सोमवारी बंद'. दुकान नाही, दवाखाना नाही, ते खोडेकाकांचं राहतं घर आहे. सोमवारी वाटीभर विरजण मागायला गेलं तरी काका फाटकाआडूनच सांगतात, "उद्या या वैनी. जनावराले हप्त्यातून एक दिवस माणसाचं तोंड दिसू नये. नियम हाये."

काकांची सगळी नोकरी प्राणिसंग्रहालयांच्या तपासणीत गेली. सरकारी जीपमधून गावोगाव हिंडायचं, पिंजरे मापायचे, पाणी आणि सावली पाहायची, आणि जे कमी असेल ते 'त्रुटी' म्हणून अहवालात लिहायचं. निवृत्त झाल्यावर तपासायला जनावरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी आम्हाला धरलं.

शेजारच्या बोंद्र्यांनी हौसेने नवं स्वयंपाकघर दाखवायला बोलावलं, तर काकांनी खिशातून टेप काढून ते मापलं आणि म्हणाले, "बिबट्याले यात ठेवलं असतं तर म्या नोटीस काढली असती." बोंद्रेबाई दोन महिने बोलल्या नाहीत. स्वतःचा मुलगा पुण्याहून आला, त्यालाही त्यांनी तीन दिवस पुढच्या खोलीत वेगळं ठेवलं. बाहेरून आलेलं जनावर एकदम कळपात सोडत नाहीत म्हणे. मुलगा चौथ्या दिवशी पुण्याला परत गेला, म्हणजे बिचारा आतल्या खोलीपर्यंत पोचलाच नाही.

मला मात्र या माणसाचा राग धरता येत नाही, आणि त्याला कारण आमचे आबा.

आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहायचे. बोलणं बंद, नुसतं पुढे-मागे डोलणं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. खोडेकाकांनी समोरून दोन दिवस निरीक्षण केलं, वहीत टिपून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, एकटं अस्वल कंटाळलं की असंच डोलते. त्याले गोळी नाही, शोधाले काही तरी पाह्यजे. आमी त्याचं खाणं लपवून ठेवत होतो."

दुसऱ्या दिवसापासून आबांचा पेपर गायब व्हायला लागला. कधी कुंडीमागे, कधी स्कूटरच्या डिक्कीत, एकदा तर माझ्या तांदळाच्या डब्यात. पाचव्या दिवशी आबा घरभर फिरत ओरडले, "कुठं मेला थो खोडे?" चार महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला मी. आनंदाने रडले आणि मग तांदूळ पुन्हा निवडले. तेव्हापासून दोघं रोज सकाळी व्हरांड्यात बसून भांडतात.

अडचण यंदा आली. ह्यांचं ऑफिस मिहानला, म्हणून आम्ही तिथून जवळ पडणाऱ्या बेसाला फ्लॅट घेतला. बेसा म्हणजे काही परदेश नाही, पण दोन म्हाताऱ्यांना रोज भांडायला जाण्याइतकं जवळही नाही. मी भीतभीतच काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जनावर हलवाच्या आधी नवी जागा तपासा लागते."

रविवारी ह्यांनी आम्हा तिघांना गाडीतून नेलं. काकांनी खोल्या मापल्या, नळ सोडून पाहिले, गॅलरीचा कठडा हलवून पाहिला, न्हाणीघरात चपला काढून पाय घसरतो का ते पाहिलं. तिसऱ्यांदा ते न्हाणीघरात शिरले तेव्हा मला उमगलं की हा माणूस काहीतरी वाईट सापडावं म्हणून धडपडतो आहे. सापडलं काहीच नाही.

"जागा पास हाये," ते म्हणाले. आवाज मात्र नापास झाल्यासारखा होता. मग वही चाळत पुटपुटले, "एक त्रुटी हाये. जनावराले जोडीदाराबिगर वरसाच्या वर ठेवता येत नाही."

"आबा एकटे कुठे आहेत काका? आम्ही आहोत ना."

"तुमी राखणदार, वैनी. राखणदार त्यात धरत नाहीत."

मला आधी हसू आलं, मग आठवलं. खोडेकाकू जाऊन तीन वर्षं झाली. त्या घरात संध्याकाळी कोण असतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विरजण मात्र नेत होते. लाज वाटली मला.

आबा गॅलरीतून सगळं ऐकत होते. तिथूनच म्हणाले, "खोडे, पूर्वेकडची खोली कशी हाये?"

"चांगली हाये. हवा येते."

"मंग तू सामान काहून नाही बांधून राह्यला?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ती खोली पाहुण्यांसाठी ठेवली होती. ह्यांनी हसून मान हलवली आणि म्हणाले, "काका, लिहा वहीत. त्रुटी दूर झाली म्हणून."

काकांनी पेन उघडलं. वहीचं कोरं पान काढलं. पेन कागदाला टेकवून परत उचललं, मग वही माझ्यापुढे धरली.

"तुमीच लिहा, वैनी. मले दिसून नाही राह्यलं."